मी बसले होते

माझी बायको वारल्यावर भेटायला येणारी माणसं समोरच्या खोलीत सतरंजीवर बसायची. मग कुणीतरी म्हणायचं, "सर, तुमी लई चांगलं लिव्हता. आता लिहीत ऱ्हावा, तेवढंच मन रमंल." मी मान खाली घालायचो. लोकांना ते दुःख वाटायचं. मला मात्र लाज वाटत असायची, कारण ज्या लेखाबद्दल ते बोलत होते तो तिचा होता.

मी केजला शाळेत मराठी शिकवतो. घरात कॉम्प्युटर आणला तो माझ्या प्रश्नपत्रिकांसाठी. ब्लॉग सुरू केला तिनं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं हे तिला कळलं, तेव्हापासून दुपारी लाईट असेल तेवढा वेळ ती त्यावर बसायची. लोडशेडिंगमुळे मिक्सर लावण्यासाठी गल्लीतल्या बायकांची उडणारी धांदल, वाळवणावर बसणारी धूळ, आष्टीला माहेरी जाताना बदलाव्या लागणाऱ्या जीपगाड्या, असलं ती लिहायची. वाचणारे बहुतेक पुण्यात स्थायिक झालेले, पण मूळचे इकडचेच.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रानं जिल्ह्याच्या पानावर दर मंगळवारी स्थानिक ब्लॉगमधला एक लेख छापायचं ठरवलं. ब्लॉग शोधायचं काम तालुक्याच्या वार्ताहरांवर आलं. आमचा वार्ताहर आपल्या झेरॉक्सच्या दुकानातूनच बातम्या धाडायचा. त्यानं तिचा जीपवरचा लेख मागितला. त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

मंगळवारी पान उघडलं तर लेखावर माझं नाव आणि माझा फोटो.

आमच्याकडे दुसऱ्याच्या बायकोचं नाव घेत नाहीत, 'घरचे' म्हणतात. वार्ताहरानं फोनवर सांगितलं होतं, "सरांच्या घरच्यांचा ब्लॉग हाय." पेपरच्या ऑफिसात डेस्कवर बसलेल्या माणसानं 'सर' तेवढं ऐकलं. शाळेतल्या सत्काराच्या बातमीतला माझा फोटो त्यांच्याकडे होताच. नाव पुरुषाचं म्हटल्यावर त्यानं क्रियापदंही बदलली. 'मी मागच्या सीटवर बसले होते' याचं 'बसलो होतो' झालं. भाड्याचे सुटे पैसे विसरणारा नवरा होता, त्याची बायको झाली; पदर होता, त्याचा रुमाल झाला. एकच जागा सुटली. ड्रायव्हर भरलेल्या जीपमध्ये आणखी एकाला कोंबतो, तिथं तिचं वाक्य तसंच राहिलं : 'आणि मी दबून गेले.'

शिक्षकांच्या खोलीत पेपर सगळ्यांच्या हाती फिरला.

"काय सर, लिहिता लिहिता साडी नेसली का?"

"तसं न्हाई बे. वहिनीनं लिव्हलंय, सरांनी नाव टाकलंय."

"वहिनी कुठलं लिव्हतेत? सरच लिहून देत असतील."

लेख तिचा आहे, पेपरवाल्यांची चूक झाली, असं मी सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, किती मोठं मन हाय सरांचं." नाकारावं तसा मी मोठाच होत गेलो.

घरी तिनं लेख उभ्यानंच वाचला. "तुमी दबून गेलेले कसे दिसता ते एकदा बघायचंय मला," म्हणाली आणि हसली. मग पेपरची घडी करून फळीवर अंथरली, वर डबे ठेवले.

मी वार्ताहराकडे गेलो. तो म्हणाला, "खुलासा छापला तर डेस्कवाल्याला बोलणी बसतील, सर. पुढच्या खेपेला वहिनींचं नाव टाकू." पुढची खेप आली नाही. सदर बंद पडलं, तिथं कोचिंग क्लासच्या जाहिराती येऊ लागल्या. ती लिहीत राहिली, आजारी पडेपर्यंत.

दहाव्याच्या आधी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. मला बघून तो उठून उभा राहिला. "श्रद्धांजली टाकायची का, सर?"

"तिचा जीपचा लेख छापा. तिच्या नावानं."

तो खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला. "उद्याच्या पानात घ्यायला लावतो. पण ब्लॉगवरचं आमच्या फाँटात उतरत न्हाई, नुसते चौकोन येतेत. तुमी वाचा, मी टाईप करतो."

मी ब्लॉगवरून छापलेला कागद उघडला. दुकानात कॉलेजची मुलं नोट्स काढायला उभी होती, एक बाई रेशनकार्डाच्या झेरॉक्ससाठी थांबली होती.

"मी मागच्या सीटवर बसले होते," मी वाचलं.

त्याची बोटं थांबली. "बसले?"

"बसले."

मुलांपैकी एकानं वळून पाहिलं. माझे कान तापले.

"जरा मोठ्यानं, सर. मशीनच्या आवाजात ऐकू येईना."

मी मोठ्यानं वाचत गेलो. मी निघाले, मी चढले, मी पदर सावरला. शेवटी 'आणि मी दबून गेले' आलं तेव्हा तो पडद्याकडे बघत म्हणाला, "एवढं मागंबी बरोबर छापलं होतं."

मी हो म्हणालो.

त्यानं लेखाच्या वर थोडी जागा केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, वहिनींचं नाव काय?"

इतकी वर्षं तो आमच्याकडे चहा पीत आला होता. चारचौघांत मीही तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. मी नाव सांगितलं. मशीन चालूच होतं, त्याला ऐकू गेलं नाही. मग मी ते पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं.