गाडीची पाठवणी

"बाबा, गाडी कुठली घेऊ?" असं मुलाने फोनवर विचारलं आणि माझा अख्खा आठवडा सत्कारणी लागला. अमेरिकेत गेल्यापासून तो मला काही विचारत नाही. औषधं घेतलीत का, एवढंच. बायको गेल्यापासून माझ्याकडे सल्ला मागणारं कुणी उरलेलं नाही, आणि आमच्या सुकापूरच्या सोसायटीत सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात.

शिवाय विषय माझ्या घरचा होता. आयुष्यभर मी मोटारीच्या कारखान्यात दारं बसवली. आमच्या लाइनवर एक रीत होती. गाडी तयार होऊन बाहेर निघाली की शेवटचा माणूस तिच्या टपावर तळहाताने थाप मारायचा आणि म्हणायचा, "जा बाई, सुखाने नांद." साहेब लोक हसायचे. हसेनात का, आम्ही कुणी ती थाप कधी चुकवली नाही. पुढे परदेशी गाड्या आल्या, लोक देशी गाडीला नाकं मुरडू लागले आणि कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून परदेशी गाडी दिसली की माझं डोकं फिरतं. आमच्या लाइनवरची माझी गाडी अजून खाली पार्किंगमध्ये उभी आहे. तिच्यात बसून जावं असं ठिकाण मात्र आता फारसं राहिलेलं नाही.

मुलगा राहतो ते गावही मोटार कारखान्यांचंच. त्याच्या समोरच्या घरात एक कामगार राहायचा, तोही दारांच्याच लाइनवर. पहिल्या हिवाळ्यात मुलाच्या दारातला बर्फ त्याने न सांगता काढून दिला होता. ते ऐकलं तेव्हापासून मी त्याला आपला मानला. त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्याची भाषा मला येत नाही, तरी दर रविवारी फोनवर "समोरच्याला नमस्कार सांग" म्हणायचो. मुलगा "हो, हो" म्हणायचा.

तर उत्तर काय द्यायचं हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण विचारलंय तर चार जागी चौकशी करून सांगावं, म्हणून पनवेलची दोन-तीन शोरूम पालथी घातली. सगळीकडे कॉफी मिळाली आणि कुणीही माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी मूळचा इथल्याच विचुंबे गावचा. जमीन बिल्डरला दिल्यावर त्याने ट्रेलर घेतले. आता तो जासईहून बंदरात उतरलेले कंटेनर वाहतो आणि स्वतः जर्मन गाडीतून हिंडतो. पार्किंगमध्ये मी त्याला डिवचलं, "इथला भूमिपुत्र तू, आणि गाडी बाहेरची?"

"काका, तुमी रागावू नका," तो म्हणाला, "पन देशी गाडीची अर्धी आतडी माझ्याच ट्रेलरवरून येतात. आन् माझी ही गाडी तं हितंच जोडलेली हाय. देशी-परदेशी आता काय रायलं नाय."

मी खट्टू झालो. इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरला ते नक्की कुठलं, हेच आता सांगता येईना. पण त्यातूनच एक गोष्ट मनाशी पक्की झाली. गाडी कुठल्या देशाची ते मरू दे, ती बनवून कुणाची चूल पेटते ते बघावं. मुलाने समोरचा माणूस बनवतो तीच गाडी घ्यावी. हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं. म्हातारा चळला, दुसरं काय!

रविवारी संध्याकाळी फोन आला, तिकडे सकाळ होती. मी घसा खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "बाबा, घेतली गाडी. जपानी. तिच्यातूनच बोलतोय."

"आणि समोरचा? त्याच्या कारखान्याची नाही घेतलीस?"

"ते लोक नाहीत आता इथे. त्याचा प्लांट बंद झाला. घर विकून गेले."

"कधी?"

"झाले की बरेच महिने."

म्हणजे इतके दिवस माझे नमस्कार रिकाम्या घराला जात होते. "बोलला नाहीस," मी म्हणालो.

"त्यात काय सांगायचं, बाबा?"

"जाताना भेटलास तरी का त्याला?"

"ऑफिसला होतो हो."

मी त्याला काय बोलणार? आमच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा माझ्या दारात तरी कोण आलं होतं? तयार केलेलं वाक्य गिळलं आणि म्हणालो, "नव्या गाडीच्या टपावर एक थाप मार. माझ्या नावाने."

"हायवेवर आहे, बाबा. नंतर मारतो. औषधं घेतलीत ना?"

घेतली म्हणालो. फोन बंद झाला आणि घर इतकं शांत झालं की मला बसवेना. खाली पार्किंगमध्ये गेलो. माझ्या गाडीच्या टपावर धूळ साचली होती. त्या धुळीवरच एक थाप मारली, त्या समोरच्या माणसासाठी. "जा बाबा, सुखाने राहा," असं त्याला उद्देशून मोठ्याने म्हणालो. आम्ही दोघांनी आयुष्यभर गाड्यांची पाठवणी केली. आमची करायला कुणी आलं नाही.