मोकळं कपाळ

सिंगापूरला टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टपाशी शेजारच्या काकू भेटल्या की माझा हात आपोआप कपाळाकडे जायचा. तिथे टिकली नसली तर माझी धडगत नसे. "सवाष्णीनं मोकळ्या कपाळानं बाहेर पडू नये गं," म्हणत त्या पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढायच्या आणि लिफ्ट खाली पोचायच्या आत मला टिकली लागलेली असायची. वन-नॉर्थला ऑफिसात शिरताना मी ती काढून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवायचे. मला असल्या गोष्टींचा मनस्वी राग. पण काकूंपुढे बोलायची काय बिशाद!

काका हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत होते. मूलबाळ नव्हतं. काकू नुकतंच व्हॉट्सॅप शिकल्या होत्या, तेही फक्त "पोचलात का?" आणि "जेवलात का?" हे काकांना विचारण्यापुरतं.

काकांची बायपास ठरली तेव्हा काकूंचं तोंड एवढंसं झालं. मन रमावं म्हणून मी त्यांना म्युझियममध्ये घेऊन गेले. इटलीहून पाचशे वर्षांपूर्वीची शिल्पं आली होती. भराभर पुढे चाललेल्या काकू एका बाईच्या संगमरवरी अर्धपुतळ्यापाशी थबकल्या. झुकलेल्या पापण्या, मिटलेले ओठ आणि भलंमोठं कोरं कपाळ. मी पाटी वाचून सांगितलं, की कपाळ मोठं दिसावं म्हणून तेव्हाच्या बायका पुढचे केस उपटायच्या, फॅशनच होती ती.

"फॅशन कसली डोंबलाची! हिचं कुंकू पुसलंय," काकू पुटपुटल्या. "आणि बघ, हिला माझ्याकडे बघवत नाहीये."

त्यानंतर त्या बाईनं काकूंचा पिच्छाच पुरवला. "आज कुकरची शिट्टी होईपर्यंत माझ्या मागे उभी होती गं," असं भरदुपारी फोन करून सांगायच्या. मी आधी हसले. मग माझ्याही अंगावर काटा यायला लागला. खरं सांगते, आजही कुकर लावला की मी मागे वळून बघते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी हट्टच धरला, "मला परत ने तिच्याकडे." दारापासून पुतळ्यापर्यंत जाताना त्या दोनदा बाकावर टेकल्या. "जागरणं झालीयेत, बाकी काही नाही," म्हणाल्या. पुतळ्यापाशी पोचताच पर्समधून टिकली निघाली. बोट त्या पांढऱ्या कपाळाला लागणार, तोच रखवालदार धावत आला. "आंटी, नो टचिंग लाह!"

काकूंनी हात जोडले. त्याला नव्हे, तिला. "यांना सोड," एवढंच म्हणाल्या.

काका वाचले. काही दिवसांत वॉर्डात फेऱ्याही मारायला लागले. त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात भरताना काकूच ओट्यापाशी कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीचंच थकलेलं होतं. छातीत दुखतंय हे त्यांनी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. ओळखीच्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, "अहेव गेल्या हो, भाग्याच्या!" मला असा संताप आला की तिथून उठून मी काकांच्या व्हीलचेअरपाशी जाऊन बसले.

काका काकूंच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हते. "माझं काही बरंवाईट होईल म्हणून ही इतकी घाबरली," ते म्हणाले. "हिच्यासाठी मात्र कुणीच घाबरलं नाही गं. मीसुद्धा नाही."