वरून टाकलेला गूळ

कारखान्याची पाळी सुटली की आम्ही गेटवर रांगेत उभे राहायचो. नाकाला रुमाल लावून साहेब यायचा आणि प्रत्येकाच्या ओंजळीत गुळाचा खडा वरून टाकायचा. हाताला हात लागू द्यायचा नाही. खडा खाली पडला तर म्हणायचा, "उचल. दिवसभर धूळच खाता ना?" आम्ही उचलायचो. मीही उचलला, अकरा वर्षं. गूळ खाल्ला की छातीतली धूळ पोटात उतरते, असं आम्हाला सांगितलं होतं.

साजगावच्या बाजूला हा सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना. पत्र्यात घालायचा ॲस्बेस्टॉस गोण्यांतून यायचा, पिंजलेल्या कापसासारखा. गोण्या फोडून झटकणं माझं काम. रिकाम्या गोण्या फुकट मिळायच्या. मी त्या ऐटीत घरी न्यायचो. माझी बायको सखू त्यांच्या पावसात डोक्यावरून घ्यायच्या खोळी शिवायची. भातलावणीला अर्धा गाव त्याच खोळी पांघरून चिखलात वाकायचा.

सखूने कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं. दम आधी तिलाच लागला. विहिरीवरून हंडा आणताना चार ठिकाणी बसायची.

कंपनीच्या डॉक्टरकडे नेली. पाऊस होता, तिच्या डोक्यावर खोळ. तपासलं नाहीच. बसल्या जागेवरून म्हणाला, "चुलीचा धूर आहे. कंपनीचा संबंध नाही." मग त्याची नजर खोळीवर गेली. खुर्ची मागे सरकवून शिपायाला म्हणाला, "आधी ती गोणी बाहेर काढ. हात लावू नकोस, काठीने काढ."

शिपायाने खोळ काठीने ओढली, पदरासकट. सखू मान खाली घालून पदर शोधत राहिली. आणि मी, तिचा नवरा, खांबासारखा उभा.

घरी येताना डोकं पेटलं. आम्ही समजत होतो, साहेबाला आमची किळस येते. साहेब धुळीला भीत होता. यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी आम्हाला गूळ चारत होते.

दुसऱ्या दिवशी मी हात पुढे केलाच नाही. खडा पडला.

"उचल."

"नाय उचलत. माझ्या बायकोची खोळ काठीनं का काढली, ते कागदावर लिवून द्या."

"उद्यापासून येऊ नकोस."

त्या संध्याकाळी मी घरोघर खोळी परत मागत फिरलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "लावणीच्या टायमाला मागाया आलास रं?"

"मावशे, यात मरण हाय. मीच आणलं."

सखू पुढचा पावसाळा बघायला राहिली नाही. आता माझ्याही छातीत शिट्टी वाजते. माझी चूक मी सगळ्या गावाला तोंडाने सांगितली. त्यांची मी त्यांच्याकडून लिहून घेणार. रोज पाळी सुटताना मी गेटवर उभा असतो, आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगतो, हात मागे घे.