सोपानचं हजर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही. तुम्हालाच का सांगतोय, तेही नीट माहीत नाही. तुम्ही माझं नाव पुकारून मला उभं करणार नाही, एवढ्याचसाठी असेल.

आमच्या मिलिटरी कॉलेजात—नाव नको—माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला दर वर्षी दिवंगतांची हजेरी होते. गेलेल्या मुलांची, शिक्षकांची नावं एकेक करून पुकारतात आणि त्यांच्या जवळचं कोणीतरी उभं राहून त्यांच्या वतीने म्हणतं, ‘हजर, सर.’ ही कल्पना कोणाची, कोण जाणे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. चांगली प्रथा आहे—मी कशाला नावं ठेवू?

सोपानच्या नावाला मी उभा राहतो. आम्ही एका खोलीत राहायचो, त्यामुळे तो मान माझा, असं बॅचने परस्पर ठरवून टाकलं. पिंपळगावला माझं कोल्ड स्टोरेज आहे. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असला तरी त्या दिवशी ब्लेझर चढवून जावं लागतं. एका वर्षी ताप आल्याचं सांगितलं, तर दोघं मित्र गाडी घेऊन दारात.

सोपान सायखेड्याचा, गंगेच्या—म्हणजे आमच्या गोदावरीच्या—काठावर वाढलेला. पाण्यावाचून त्याला करमायचं नाही. होस्टेलच्या मागच्या भिंतीला एक भगदाड होतं, त्यातून तो संध्याकाळी नदीवर सटकायचा. आणि मला त्याचा आवाज हुबेहूब काढता यायचा. जरा नाकातला, शेवटी वर उचललेला ‘हजर’. खोलीत त्यावर किती हसायचो आम्ही. सगळ्यात जास्त तोच हसायचा.

त्या दिवशी जाताना तो म्हणाला, “उशीर झाला तर माझं हजर तू म्हन. लय वेळ नाय लागायचा.”

संध्याकाळची हजेरी आमचे रेक्टर गद्रे सर घ्यायचे. मान वर करायचे नाहीत. पोरं मला आवाजावरून कळतात, याचा त्यांना अभिमान होता. सोपानचं नाव आलं. मी मागच्या रांगेत, टोकाला. अंधारून आलं होतं. मी म्हटलं—त्याच्या आवाजात. शेजारच्याला कळलं नाही, की कळूनही तो गप्प बसला, देव जाणे. सर पुढच्या नावाकडे गेले.

धरणातून पाणी सोडलंय, हे मला ठाऊक होतं का? होतं. दुपारी मेसमध्ये तीच चर्चा होती. तरी म्हटलं. बरं, तो जेवायला आला नाही, तेव्हा? तेव्हा बोललो असतो तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. शिक्षा काय झाली असती—मैदानाला फेऱ्या? त्या वाचवायला मी पांघरूण ओढून पडून राहिलो. झोप लागली, हेही सांगून टाकतो.

सकाळी पी.टी.ला तो नाही म्हटल्यावर शोध सुरू झाला. दुपारी तो सापडला, बराच खाली.

चौकशी झाली. खोलीतला सोबती म्हणून मलाही बसवलं होतं. पलीकडच्या काठावर झेंडूचा मळा करणारा एक माणूस आपणहून आला. म्हणाला, दिवेलागणीला नदीतल्या खडकावरून कोणीतरी हाका मारत होतं, मला वाटलं पोरांची रोजची मस्ती. गद्रे सर म्हणाले, मग तो आमचा मुलगा नव्हे. त्या वेळी सोपान माझ्यासमोर उभा होता, मी स्वतः त्याचा आवाज ऐकलाय. सरांच्या शब्दापुढे त्या माळ्याचं कोण ऐकणार? सोपान हजेरीनंतर गेला, असं ठरलं. मी तिथेच होतो—मूग गिळून.

नीट कळलं ना तुम्हाला? तो तिथून हाका मारत होता आणि मी इथून, त्याच्याच आवाजात, तो इथे असल्याचं सांगत होतो.

मग भगदाड बुजवलं. बैल गेला नि झोपा केला. गद्रे सरांनी रेक्टरपण सोडलं. मेळाव्यानंतर त्यांना पंचवटीतल्या घरी मीच सोडायचो आणि गाडीत ते दर वर्षी म्हणायचे, “हजेरीनंतर मी एक फेरी मारायला हवी होती रे.” मी म्हणायचो, सर, तुमची काय चूक. एवढं मात्र मला छान जमायचं.

सोपानची आई सायखेड्याहून येते, पुढच्या रांगेत बसते. पहिल्या वर्षी त्याचं नाव पुकारलं, मी उभा राहिलो आणि तोंडातून निघाला तो त्याचाच आवाज. ठरवून नाही—पण निघाला. नंतर आईने माझा हात धरला. “तू हजर म्हनला का मला तोच उभा हाय असं वाटतं. तेवढ्यासाठीच येते मी.” तेव्हापासून मी त्या आवाजात अडकलोय.

गेल्या वर्षी ती हेच गद्रे सरांच्या देखत बोलली. सरांना दिसायचं कमी, कान मात्र शाबूत होते. इतकी वर्षं तो आवाज त्यांना आपल्याच मनाचा भास वाटत असावा. “सर, ऐकलं ना? डोळे मिटले तर फरक नाय कळायचा.”

सरांचा चहाचा कप ओठांशीच थांबला. ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता विचारतील. विचारून टाकावं, असंही वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला, काठी चाचपली आणि शेजारच्याला म्हणाले, “मला घरी सोडायला दुसरं कोणी आहे का, बघा.”

दिवाळीच्या आधी सर गेले.

यंदा त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांचा लाडका मीच ना. मी उभा राहिलो. हजर, सर, म्हटलं.

मग सोपानचं नाव आलं. या वेळी आपल्या आवाजात म्हणायचं, असं मी पिंपळगावपासून घोकत आलो होतो. त्याच्या आईने डोळे मिटून घेतले. मी पुन्हा उभा राहिलो आणि म्हटलं—त्याच्या आवाजात.