रेक्झिनचं दगडफूल

माझी ताई गाड्यांची सीट कव्हरं शिवते. हात असा बसलाय की माणसासाठी काही शिवलं तरी त्याला पायपिंग आणि मागे चेन येतेच. माझ्या जुळ्या मुलींचे फ्रॉकही तिचेच. ते घालून मुली उभ्या राहिल्या तरी बसल्यासारख्या दिसतात.

यंदा शाळेच्या नाटकात थोरलीला नंबाट केलं. नंबाट म्हणजे मोठ्या खारीएवढा, पट्टेवाला, वाळवी खाणारा प्राणी. जगातून नाहीसा होत आलेला. कुळ कांगारूसारखं पिशवीवाल्यांचं, पण याच्या पोटाला पिशवी नाही. "कुळाचा काही मान ठेवायचा की नाही?" म्हणत ताईने पदरची एक लावली, चेनसकट.

धाकटी झाली दगडफूल. ते कुठेही उगवतं. आमच्या न्हाणीमागच्या भिंतीवरसुद्धा आहे. नाटकात त्याला एक वाक्यही नव्हतं. "तू तर भिंतीवरची!" असं थोरली म्हणाली मात्र, धाकटीने कट्टी घेतली. दात घासतानाही पाठ करून उभी राही. "मी स्टेजवर जाणारच नाही," असं तिने मला ठणकावून सांगितलं.

ताईने थेट शाळेच्या बाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "दगडफूल म्हणजे एक जीव नसतोच हो. बुरशी आणि शैवाल मिळून संसार करतात." झालं! ताईच्या अंगात आलं. तिने हिरवट रेक्झिनचं, सोफ्याएवढं, दोन गळ्यांचं दगडफूल शिवलं.

"दुसऱ्या गळ्यात कोण?" मी विचारलं.

"मी! मी असले तर येशील ना गं?" तिने धाकटीला विचारलं. धाकटीने मान डोलावली आणि मी कपाळावर हात मारला.

नाटकाच्या दिवशी दगडफूल करकरत आलं. ताई गुडघ्यांवर रांगत होती, चेहरा मात्र भलताच गंभीर. नंबाट पुढे झाला, म्हणाला, "आम्ही आता फार थोडे उरलो आहोत." आणि पुढचं विसरला. थोरलीचे ओठ थरथरायला लागले.

तेवढ्यात बिनवाक्याचं दगडफूल बोललं.

"एकटी काय उभी राहतेस? ये इकडे." मग धाकटीने शेजारच्या गळ्याला कोपराने ढोसलं. "मावशी, तू निघ. तिला आत येऊ दे."

चेन उघडली. ताई रांगतच बाहेर पडली, नंबाट आत शिरला आणि दोन गळ्यांतून दोन सारखी तोंडं हसायला लागली.

मी ढसाढसा रडले. शेजारच्या खुर्चीतल्या बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "खरंच हो, फार थोडे उरलेत."