मास्तरची छाती

गाडी शिकवणारा मास्तर स्वतःला मोठ्या छातीचा माणूस समजायचा. शिकणाऱ्याचे हात थरथरले की हा शेजारी बसून दात काढणार. नवरा वारल्यावर एक शिंपीणबाई गाडी शिकायला आली, तर पहिल्याच दिवशी त्याने तिचं नाव 'लटपटबाई' ठेवलं. भीती म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, हे त्याचं मत. कोणी विचारो न विचारो, तो ते ऐकवायचाच.

एका दुपारी बाई गाडी चालवत होती आणि उड्डाणपुलाच्या मध्यावर मास्तरच्याच छातीत धडधडू लागलं. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण मेलोच, अशी त्याची खात्री पटली. लटपटबाईने गाडी नीट पुलाखाली उतरवली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरबाईंनी समजावलं, हा पॅनिक अटॅक. धोका नसताना शरीराने केलेली हाकाटी. त्रास खराच असतो, पण त्याने माणूस मरत नाही. दुसऱ्या कोणी देवाचे आभार मानले असते. या शहाण्याला अपमान वाटला. हृदयविकार कसा, चारचौघांत सांगता येतो! मग त्याने आणखी दोन डॉक्टर गाठले. त्यांनीही त्याची निराशाच केली.

घरी बायकोला त्याने ऊन लागल्याची थाप मारली. आधी पूल टाळला, मग पुलाकडचा रस्ता, मग बाजार. टाळावं तशी भीती शेफारत गेली. शेवटी स्वारी मैदानातच गोल गोल गाडी फिरवायला लावू लागली, आणि वर 'पाया पक्का करतोय' म्हणून मिरवू लागली.

बाईने ओळखलं. नवरा गेल्यावर तिलाही हेच झटके येत होते.

"मास्तर, त्याच्याशी भांडू नका," ती म्हणाली. "आलाय म्हणायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि पळायचं नाही. चढतो तसा उतरतो."

"मला काही झालेलं नाही."

"बरं. मग चला पुलाकडे."

आता नाही कसं म्हणणार? पहिल्या दिवशी ती पुलाच्या पायथ्याशीच थांबली. मास्तर घामाने निथळला, पण बसून राहिला. हळूहळू धडधड ओसरली. असं करत करत काही आठवड्यांनी पूल पार झाला. दात दुखतोय असं सांगून तो समुपदेशकाकडेही जाऊ लागला.

आजही कधीमधी झटका येतो. तो श्वास सोडत बसतो आणि झटका निघून जातो. माणूस सुधारला म्हणाल, तर छे. हीच युक्ती तो शिकाऊंना स्वतःचा शोध म्हणून सांगतो. बाईला परवाना मिळाला त्या दिवशी तिच्याच तोंडावर म्हणाला, "तुमच्यात हिंमत भरता भरता मी थकलो."

बाईने त्याच्याकडे एकवार पाहिलं, काच वर केली आणि गाडी काढली.