जनूचा फ्रेंचचा वर्ग

जनार्दन, माझा शाळासोबती जनू, गेल्याचं मला कोर्टाच्या कचेरीत कळलं. विषमज्वर झाला होता. आदल्याच रविवारी मी त्याच्या उशाशी बसून आलो होतो, तेव्हा तो मुलांच्या वह्या तपासायला मागत होता... त्याला आज पाच आठवडे झाले.

चौथी इंग्रजीत आम्हांला आणखी एक भाषा निवडावी लागे. जनूला संस्कृत हवं होतं. "खारव्याच्या पोराला मी शिकवणार नाही," असं शास्त्रीबुवांनी वर्गाच्या दारातच त्याला सुनावलं. हेडमास्तर भले गृहस्थ, पण शास्त्रीबुवांपुढे त्यांचं चालेना. ते म्हणाले, "आठल्ये मास्तरांना फ्रेंच येतं. दोन मुलं मिळाली तर वर्ग काढतो." जनू तडक माझ्याकडे आला. "वसंता, एक मी. दुसरा तू." मी हो म्हटलं. लोक त्याला माझा मोठेपणा समजतात. खरं तर मला संस्कृतची शब्दरूपं पाठ होत नव्हती! वडील मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आठल्ये मास्तर फ्रेंच शिकले ते पुस्तकावरून. ती भाषा त्यांच्या कानांवर कधी पडलीच नव्हती. उलट जनूचे वडील लक्ष्मणकाका फ्रेंच आगबोटीवर खलाशी. अक्षरओळख नाही, पण रोज कानांवर तीच भाषा. शिमग्याला ते घरी आले आणि आमचा धडा ऐकून पोट धरून हसले. जनूने भीतभीत हे मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, आता छडी बसणार. पण मास्तर त्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन खारवीवाड्यात लक्ष्मणकाकांच्या ओटीवर हजर!

"लक्ष्मणराव, नमस्काराचा शब्द तुम्ही कसा म्हणता?"

"बोनजूर न्हाय मास्तर, बोंझूर. नाकातनं सोडा, पडसं झाल्यावानी."

पन्नाशीचे मास्तर त्या खलाशासमोर तो शब्द पुन्हा पुन्हा घोळवीत राहिले. जनू भिंतीला टेकून वडिलांकडे बघत होता. त्याची मान एवढी ताठ मी त्याआधी पाहिली नव्हती.

पुढे तो मुंबईत बी.ए. झाला. तिथली नोकरी सोडून आठल्ये मास्तरांच्या जागी आमच्याच शाळेत आला. संस्कृतच्या वर्गाबाहेर राहिलेली मुलं त्याच्याकडे येऊ लागली. मग आत बसू शकणारीही आली. एका वर्षी शास्त्रीबुवांचा नातू आला. मी मुद्दाम विचारलं, "आता काय करणार?" जनू म्हणाला, "करायचंय काय? शिकवणार. पोरगा चांगला आहे, व्याकरणात कच्चा आहे जरा."

गेल्या सोमवारी शाळेतून निरोप आला: नवे शिक्षक येईपर्यंत सकाळचा तास घ्याल का? मी गेलो. फळ्यावर जनूच्या अक्षरात 'येणे' या क्रियापदाची फ्रेंच रूपं होती, 'आम्ही येतो' इथपर्यंत. मुलांनी ती कुणाला पुसू दिली नव्हती. मी खडू उचलला. 'तुम्ही येता' जमलं. 'ते येतात' काही केल्या आठवेना. मागे वळलो, तर सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात ते रूप म्हणाला.

मी ते लिहून घेतलं.